घरचं दही की प्रोबायोटिकची बाटली?

प्रोबायोटिक म्हणजे जात आणि पुरेशी संख्या ठाऊक असलेले, आरोग्याला उपयोगी जिवंत जिवाणू. जिवंत जिवाणू दोन्हींत असतात, पण गिऱ्हाइकाचा विश्वास वेगवेगळ्या वाटेने येतो.

दह्यावरचा विश्वास सवयीचा. अर्धा लिटर दूध उकळून ४० ते ४५ अंशांपर्यंत निवलं की चमचाभर विरजण लावायचं. सहा-आठ तासांत दही तयार. दूध कढत असेल तर विरजणातले जिवाणू मरतात, फार गार झालं तर दही नीट लागत नाही. मात्र आतले जिवाणू नेमके कोणते आणि किती, हे घरी मोजता येत नाही. म्हणून काटेकोर अर्थाने त्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही.

बाटलीचं बळ याच नेमकेपणात आहे. याकुल्ट या आंबवलेल्या दुधाच्या पेयाच्या ६५ मिलीच्या बाटलीत ‘शिरोटा’ जातीचे ६५० कोटी जिवाणू, असं लेबल सांगतं. ठाम आकडा दिसला, त्यात डॉक्टरांनीही सुचवलं, की शंका मावळते. मग बाटली उलटी करून साखर वाचली की विश्वास पुन्हा डळमळतो, आणि तो डळमळायलाच हवा. दुकानाचा फ्रिज रात्री बंद राहत असेल तर जिवंत जिवाणू घटत जातात. लेबलवरचा आकडा तोच राहतो.

किंमत आणि चव पुढचं ठरवतात. आरोग्यासाठी माणूस एकदा घेतो, परत घेतो तो बहुधा चव आवडली तरच.

रोजच्या जेवणाला आमची पसंती दह्यालाच. ठरावीक तक्रारीवर डॉक्टरांनी ठरावीक जात सांगितली असेल, तर बाटली घ्यावी. आणि जिवाणू हवे असतील तर दह्याची कढी करू नये. उकळीत ते टिकत नाहीत.