मुंबई–नागपूर विमान: तिकिटावरचा दीड तास आणि घड्याळातले पाच

मुंबई ते नागपूर सरळ हवाई अंतर सुमारे ६९० किलोमीटर. रेल्वेने ८३७. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, म्हणजे विमानाइतकाच सरळ. पण तो भिवंडीजवळ आमण्याला सुरू होतो, तिथपर्यंतची ट्रॅफिक वेगळी मोजा.

तिकिटावर साधारण १ तास ३० ते ४० मिनिटं लिहिलेली असतात. त्यात हवेतला वेळ तासाभराहून थोडाच जास्त. विमान गेटवरून हललं की वेळ सुरू होते आणि नागपूरला जागेवर उभं राहिलं की संपते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत विमान रांगेत उभं राहतं. परतीला मुंबईजवळ हवेतच घिरट्या घालतं. हिवाळ्यात वरच्या हवेत पश्चिमेचे वारे जोरात असतात, म्हणून जाताना काही मिनिटं वाचतात आणि येताना तेवढीच जास्त लागतात.

घरापासून घरापर्यंतचा हिशेब असा धरा. दादरहून विमानतळ पाऊण ते एक तास, चेक-इन काउंटर विमान सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतो म्हणून दोन तास आधी पोहोचायचं, प्रवास दीड तास, सोनेगावला, म्हणजे नागपूर विमानतळावर, उतरून बॅग घेऊन शहराच्या मध्यभागी सीताबर्डीपर्यंत आणखी पाऊण तास. झाले पाच. नुसती ७ किलोची हातातली बॅग असेल आणि चेक-इन मोबाइलवर केलं असेल तर पाऊण तास नक्की वाचतो.

सगळ्यात जास्त घोळ मुंबईच्या टर्मिनलचा होतो. टी-१ विलेपार्ल्याच्या बाजूला, टी-२ सहारला. चुकीच्या दारात उतरलात तर रस्त्याने वळसा घालेपर्यंत काउंटर बंद. मेट्रो ३ ची स्टेशनं दोन्ही टर्मिनलला वेगवेगळी आहेत. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, त्यामुळे शहराच्या नावावर जाऊ नका, विमानतळाचा कोड आणि टर्मिनल दोन्ही वाचा. आदल्या रात्री परत एकदा बघा, टर्मिनल बदलतातही.

नागपूरला मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. जड बॅग असेल तर सरळ टॅक्सी करा.

सकाळच्या विमानाने नागपूरला जाताना डावीकडची खिडकी घ्या. उजवीकडे ऊन थेट डोळ्यांवर येतं.

डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन असलं की भाडं चढतं आणि सकाळची विमानं आधी भरतात. त्या आठवड्यांत दुरांतो बरी: मध्यरात्रीनंतर सीएसएमटीला बसा, दुपारच्या आत नागपूर, झोपही होते. एका दिवसात काम उरकून परत यायचं असेल तर मात्र विमानच. सकाळचं पहिलं घ्या, कारण दिवसभराचा उशीर साचत जातो आणि संध्याकाळच्या विमानांवर येऊन पडतो. परतीचं तिकीट शेवटच्या विमानाचं काढू नका. ते रद्द झालं तर रात्र नागपुरातच.