ॲपलूसा, क्वार्टर हॉर्स की अरब? पहिला घोडा घेणाऱ्यांसाठी स्वभावाची तुलना

अमेरिकेत रायडिंग स्कूलमध्ये दोन-तीन वर्षं काढली की ‘आता स्वतःचा घोडा घेऊया’ हा विषय घरात निघतोच. यादीत बहुधा तीन नावं असतात. क्वार्टर हॉर्स, कारण तो सगळीकडे मिळतो. अरब, कारण ते नाव लहानपणापासून कानावर आहे. आणि ॲपलूसा, कारण त्याचे ठिपके डोळ्यांत भरतात. ॲपलूसाबद्दल तबेल्यात विचारलं तर कुणी सांगेल, ‘याच्याइतका समंजस घोडा नाही’, आणि दुसरा म्हणेल, ‘नुसता अडेलतट्टू!’ दोघं एकाच घोड्याबद्दल बोलत असण्याची शक्यता बरीच आहे. ॲपलूसाचा म्हणून जो स्वभाव सांगितला जातो, त्यातला मोठा भाग वंशावळ, नजर आणि कामाची पद्धत यांतून येतो, आणि या तिन्ही गोष्टी पैसे मोजण्यापूर्वी तपासता येतात.

जात एक, रक्त अनेक

ॲपलूसा घोडे मूळचे नेझ पर्स या अमेरिकेतल्या आदिवासी लोकांचे, म्हणजे आजच्या आयडाहो, वॉशिंग्टन आणि ऑरेगन भागातले. हे लोक निवडून पैदास करत आणि नको ते नर खच्ची करत. १८०६ मध्ये अमेरिकन शोधप्रवासी मेरिवेदर लुईसने आपल्या रोजनिशीत त्यांच्या घोड्यांची तारीफ केली आहे आणि काहींच्या अंगावरच्या मोठ्या पांढऱ्या डागांचीही नोंद केली आहे. १८७७ च्या अमेरिकी सैन्याशी झालेल्या युद्धात नेझ पर्स नेता चीफ जोसेफची माणसं अकराशेहून जास्त मैल लढत-पळत मोंटानापर्यंत पोचली आणि तिथे शरण आली. त्यानंतर घोडे जप्त झाले, विकले गेले, मिळेल त्या घोड्याशी त्यांचा संकर झाला. ॲपलूसा हॉर्स क्लब उभा राहिला तो थेट १९३८ मध्ये. आजही या क्लबच्या नियमांनुसार एक पालक नोंदणीकृत क्वार्टर हॉर्स, थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) किंवा अरब असला तरी चालतो.

म्हणून विक्रेत्याने ‘ॲपलूसा’ म्हटलं तरी आधी कागद मागा आणि निदान तीन पिढ्या वाचा. बाप-आजे क्वार्टर हॉर्स असतील तर हातात येणारा घोडा ठिपक्यांचा क्वार्टर हॉर्सच समजा. थरोब्रेड जास्त असेल तर पाय हलके आणि डोकं गरम. बाहेरचं रक्त कमी असलेली, जुन्या वळणाची ‘फाउंडेशन’ कुळं अंगाने काटक आणि बुद्धीने स्वतंत्र असतात. हट्टीपणाची ख्याती आहे ती मुख्यतः यांची.

उलट चूक क्वार्टर हॉर्सच्या बाबतीत होते. ‘क्वार्टर म्हणजे शांत’ हे गृहीत धरू नका. कटिंगसाठी, म्हणजे कळपातून गाय वेगळी काढायला, पैदास केलेला घोडा गाय वळली की डोळ्याचं पातं लवायच्या आत बाजूला झेपावतो. नवख्या स्वाराची बैठक तेवढ्यात सुटते. पहिल्या घोड्यासाठी जो मवाळ क्वार्टर हॉर्स मनात असतो, तो प्लेझर (निवांत स्वारीच्या) किंवा रँचकामाच्या कुळांतला.

एकच प्रसंग, तीन घोडे

पायवाटेच्या कडेला झुडपात प्लास्टिकची पिशवी फडफडते. अरब ती सर्वांत आधी पाहतो, मान उंच, नाकपुड्या फुगलेल्या, आणि शरीर स्वाराच्या आधी निर्णय घेऊन मोकळं. हा घोडा भित्रा नसतो, त्याची तार ताणलेली असते. स्वार शांत राहिला तर तोही क्षणात निवळतो, स्वाराने लगाम आवळला तर दोघं मिळून घाबरतात. क्वार्टर हॉर्स बहुधा जागेवरच दचकतो आणि पुढे चालू लागतो. ॲपलूसा थांबतो. पाय रोवून पिशवीकडे बघत राहतो, आणि त्याचं समाधान होईपर्यंत हलायचं नाव काढत नाही. इथेच नवा स्वार टाचा मारू लागतो आणि भांडण सुरू होतं.

खरं तर त्या थांबण्यात तुमची सुरक्षितता आहे. थांबून विचार करणारा घोडा उधळणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा. त्याला पाच-दहा सेकंद बघू द्या, मग हलकी टाच द्या. दाद मिळाली नाही तर दोन सेकंदांत तीच टाच एकदाच ठाम द्या, आणि पहिलं पाऊल पडताक्षणी पाय सैल सोडा. दाब सुटणं हेच त्याचं बक्षीस असतं. सतत टुकटुक टाचा मारत राहिलात तर तिघांवर तीन परिणाम होतात. क्वार्टर हॉर्स हळूहळू टाचेला बधिर होतो, अरब पळतो, ॲपलूसा कान मागे टाकून शेपूट झटकतो आणि आणखी घट्ट उभा राहतो.

सरावातही असाच फरक दिसतो. क्वार्टर हॉर्स एकच वळण वीस वेळा कुरकुर न करता करेल. अरब पाचव्या वेळी तुमच्या आधीच वळेल, कारण पुढे काय येणार हे त्याने ओळखलेलं असतं. बरोबर जमल्यावरही तेच पुन्हा मागितलं की ॲपलूसा कंटाळतो, आणि कंटाळा लपवत नाही. दोन-तीनदा नीट झालं की विषय बदला. अर्धा तास रिंगण, मग बाहेर फेरी, असं काम ठेवलं की ‘हट्टी’ म्हणवले जाणारे बरेचसे घोडे सरळ होतात.

माणसाशी नातं हा ॲपलूसाचा सर्वांत मजबूत मुद्दा. रोज खरारा करणारा आणि वैरण टाकणारा माणूस एकच असेल तर हा घोडा त्या माणसाला चिकटतो. दर आठवड्याला नवा स्वार बसत असेल तर प्रत्येकाची परीक्षा घेतो. घरात तिघंजण आळीपाळीने बसणार असतील तर क्वार्टर हॉर्सच घ्यावा. अरबही माणूस ओळखतो, पण त्याला आवाजातला बदलही मनाला लागतो. ॲपलूसा त्या मानाने जाड कातडीचा. मात्र अन्यायाची शिक्षा झाली तर ती तो दीर्घकाळ विसरत नाही.

स्वभाव की नजर?

ॲपलूसा घेणाऱ्याने सर्वाधिक वेळ इथे द्यावा. ठिपके ज्या जनुकामुळे येतात त्याचं नाव एलपी. पाठीवरची पांढरी चादर, अंगभर ठिपके, नाकाभोवती चितकबरी कातडी, पट्टेदार खूर, डोळ्यातला पांढरा भाग उघडा दिसणं, हे सगळं त्याचंच काम. इतर घोड्यांच्या डोळ्याचा पांढरा दिसू लागला की जाणकार ‘घाबरलाय’ असं समजतात. ॲपलूसात तो शांतपणे चरतानाही दिसतो, त्यामुळे फक्त डोळा बघून स्वभाव ठरवू नका. कान, जबडा आणि शेपूट बघा.

एलपीची प्रत एकाच पालकाकडून आली तर रात्रीची नजर शाबूत राहते. दोन्ही पालकांकडून आली तर घोडा जन्मतः रातांधळा असतो. दिवसा त्याला नीट दिसतं आणि हा दोष वयानुसार वाढत नाही. पण संध्याकाळी तोच घोडा बुजरा होतो, अनोळखी फाटकापाशी अडतो, ट्रेलरच्या अंधाऱ्या दारात पाय टाकत नाही. मालक म्हणतो, ‘दुपारनंतर याचा मूड जातो.’ जवळपास पूर्ण पांढरा, तुरळक ठिपक्यांचा ‘फ्यूस्पॉट’ आणि डाग नसलेल्या पांढऱ्या चादरीचा ‘स्नोकॅप’ हे बहुधा दोन प्रतींचे असतात. पण पांढरं न दाखवणारे दोन प्रतींचे घोडेही असतात, तेव्हा रंगावरून निकाल देऊ नये. अयाळ किंवा शेपटीचे मुळासकट २० ते ३० केस उपटून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, डेव्हिसच्या पशु-आनुवंशिकी प्रयोगशाळेत पाठवले की एलपीचा अहवाल मिळतो. घोड्याच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

घरी करण्याजोगी चाचणी सोपी आहे. दिवस मावळल्यावर, दिवे न लावता, घोड्याला दोरीने धरून त्याच्या ओळखीच्या नसलेल्या जागेत हळू चालवा. वाटेत जमिनीवर एक लाकडी बांबू आडवा ठेवा. डोळस घोडा तो बघून पाय उचलतो. रातांधळा एकतर अडखळतो, नाहीतर मान तिरकी वर धरून आकाशाकडे बघितल्यासारखं करत चाचपडतो. मग त्याच वाटेने भर दुपारी न्या. फरक असेल तर उत्तर मिळालं.

दुसरा आजार जास्त वाईट आहे. डोळ्याच्या आत वारंवार दाह होऊन हळूहळू आंधळेपण आणणारा युव्हायटिस ॲपलूसात इतर जातींच्या सुमारे आठपट आढळला आहे. त्याचा धोका एलपीशी जोडलेला आहे आणि दोन प्रतींच्या घोड्यात सर्वांत जास्त असतो. इतर घोड्यांत डोळा लाल होतो, पाणी गळतं, मालक डॉक्टरला फोन करतो. ॲपलूसात हा आजार कित्येकदा चोरपावलांनी येतो. डोळा फार लाल न होता आतून खराब होत जातो. बाहेर दिसतं ते फक्त वागणं: एकाच बाजूने दचकणं, डाव्या अंगाने खोगीर चढवताना डोकं झटकणं, कळपात इतर घोड्यांच्या मागे लपणं. हे ‘खोडसाळपण’ म्हणून खपतं आणि घोड्याला मार बसतो.

सारंगखेड्याच्या बाजारात जाणकार आधी भोवरे बघतात, ॲपलूसाच्या बाबतीत आधी पापण्या बघाव्यात. घोड्याच्या समोर उभं राहून दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्यांचे केस ताडून पाहा. निरोगी डोळ्यात ते साधारण आडवे, बाहेरच्या दिशेने असतात. दुखऱ्या डोळ्यात खाली झुकतात. बाहुली एका बाजूला लहान दिसते का, बुबुळात निळसर झाक आहे का, हेही बघा. खरेदीपूर्व तपासणीत डॉक्टरांना अंधाऱ्या खोलीत ऑप्थॅल्मोस्कोपने दोन्ही डोळे बघायला स्पष्ट सांगा, नुसती टॉर्च मारून भागत नाही. आणि नंतर कधी डोळा बिघडलाच तर घरातलं जुनं स्टेरॉइड मलम लावू नका. कॉर्नियावर जखम असेल तर त्याच मलमाने डोळा जाऊ शकतो. आधी डॉक्टर रंगद्रव्य घालून जखम नाही याची खात्री करतात, मगच मलम.

आता एक सल्ला, जो विक्रेते आपणहून क्वचितच देतात. ॲपलूसा आई-बापाचं, पण ठिपके न आलेलं शिंगरू क्लबमध्ये वेगळ्या वर्गात नोंदलं जातं आणि बहुधा स्वस्तात जातं. जनुक चाचणीत एलपीची एकही प्रत नसेल तर रातांधळेपणाचा प्रश्नच उरत नाही आणि युव्हायटिसची ही आनुवंशिक जोखीमही मागे लागत नाही. स्वभावासाठी ॲपलूसा हवा असेल, फोटोसाठी नव्हे, तर आमच्या मते हाच सर्वांत शहाणा सौदा.

आळशी म्हणण्यापूर्वी

पुढे चालायला नकार, पोट आवळताना चावायला येणं, कामानंतर मागचे स्नायू दगडासारखे होणं, ही लक्षणं पीएसएसएम-१ या स्नायूविकाराची असू शकतात. यात स्नायूंत साखर गैरपद्धतीने साठते. हा विकार क्वार्टर हॉर्समध्ये आहे आणि त्यांच्या रक्तातून ॲपलूसातही आला आहे. याची चाचणीही केसांवरच होते. उपाय म्हणजे दाणा जवळपास बंद, कमी साखरेचं गवत, ऊर्जेसाठी तेल, आणि रोज थोडा तरी व्यायाम. आठवडाभर ठाणावर बांधून रविवारी दोन तास दौडवणं हे अशा घोड्यावर सर्वांत क्रूर. क्वार्टर हॉर्स घेताना एचवायपीपी हा स्नायूंचा आनुवंशिक विकारही तपासा. इम्प्रेसिव्ह नावाच्या १९६९ च्या घोड्याच्या वंशात तो उतरला आहे, आणि त्याचं रक्त असलेल्या ॲपलूसालाही ही तपासणी लागू आहे. अरबात आनुवंशिक विकारांची वेगळी यादी, त्यात पैदास करायची नसेल तर फार खोलात जायची गरज नाही.

चारा तिघांचा सारखाच: वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे ५०० किलोच्या घोड्याला रोज साडेसात ते दहा किलो कोरडं गवत. हलक्या कामाच्या घोड्याला वरून ओट्स ओतले की ‘तापट’ झाल्याची तक्रार येते. तक्रार तोबऱ्याबद्दल असते, बदनामी जातीची होते.

कुणी कोणता

पहिलाच घोडा, घरात दोन-तीन स्वार, आठवड्यातून दोनदाच वेळ: आठ ते पंधरा वर्षांचा खच्ची क्वार्टर हॉर्स. लांब पल्ल्याच्या एन्ड्युरन्स स्वारीची ओढ आणि हाताशी अनुभवी शिक्षक: अरब. एकच स्वार, आठवड्यातून चार-पाच दिवस, डोंगरवाटा आणि थोडं सगळं काही: ॲपलूसा, आणि तोही डोळ्यांचा अहवाल हातात आल्यावर. मूल दहाच्या आत असेल तर ठिपक्यांच्या हट्टापायी मोठा घोडा घेऊ नका. पोनी ऑफ द अमेरिकाज ही ठिपक्यांचीच जात ४६ ते ५६ इंच उंचीत मिळते.

घोडा बघायला निदान तीनदा जा, त्यातली एक वेळ संध्याकाळची ठेवा. तुम्ही पोचायच्या आत खोगीर चढवून, घाम काढून घोडा तयार ठेवला असेल तर परत या आणि कुरणातून पकडण्यापासून सगळं समोर करायला सांगा. आधी मालकाला बसू द्या. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना रक्ताचा नमुना काढून ठेवायला सांगा. गुंगीचं औषध दिलेला ॲपलूसा अतिशय समंजस वागतो.