दुखतं पुढे, गाठ मागे: भरीव रबरी मसाज बॉल

एक्स-रे स्वच्छ, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, तरी खांदा महिनोन्महिने ठणकतोय. अशा दुखण्यावर महागड्या मसाज गनच्या आधी लॅक्रॉस या खेळातल्या चेंडूच्या मापाचा हा बॉल घ्या. व्यास साधारण ६.३ सेंटिमीटर, वजन दीडशे ग्रॅमच्या आत. टेनिसचा बॉल अंगाखाली चेपतो, क्रिकेटच्या बॉलची शिवण बोचते. हा एकसारखा दाब देतो.

पण जागा चुकली तर सगळं फुकट. ट्रिगर पॉइंट म्हणजे स्नायूतली आवळलेली गाठ. तिची कळ भलतीकडेच उमटते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या व्हाइट हाउसमधल्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी या कळांचे नकाशे काढले. आदोळीवर नारळ खवून किंवा रोज स्कूटर चालवून खांदा पुढून दुखतो, तेव्हा गाठ पुष्कळदा मागे, फऱ्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडावरच्या, मांसल भागात असते. पुढे कितीही बाम चोळा, ती तशीच राहते.

बॉल लांब मोज्यात घालून खांद्यावरून मागे सोडा आणि भिंतीला टेका. भिंत गिलावा केलेली हवी, उघड्या चिऱ्यांवर बॉल अडकतो. पाय हातभर पुढे ठेवून गुडघे किंचित वाकवत जागा शोधा. गाठ सापडली की पुढे तीच ओळखीची कळ उठते, ही खूण. दुखणं दहापैकी पाच-सहाच्या वर जाऊ देऊ नका. श्वास न रोखता आठ-दहा आखूड, संथ फेऱ्या मारा, मिनिटाभरात थांबा. दिवसातून तीन-चार वेळा पुरे. नंतर गरम शेक द्या.

जमिनीवर झोपून सगळं वजन दहा मिनिटं बॉलवर टाकलं, तर दुसऱ्या दिवशी काळंनिळं होतं आणि स्नायू आणखी आवळतो. कणा, मानेची पुढची बाजू, काख, जांघ आणि गुडघ्यामागची खोबण टाळा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, किंवा मुंग्या, बधिरपणा, ताप, कारणाशिवाय घटणारं वजन असेल, तर आधी डॉक्टर. छातीत दुखत असेल तर थेट इस्पितळ. ट्रिगर पॉइंटच्या सिद्धांतावर संशोधकांचं एकमत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर हट्ट सोडा.

उणीव एकच: मानेच्या वरच्या टोकाला, कवटीखाली, हा फार कडक पडतो. तिथे एका मोज्यात टेनिसचे दोन बॉल गाठ मारून वापरा. खोबरेल लावलेल्या अंगावर बॉल घसरतो, तेव्हा अंग पुसून घ्या. पावसाळ्यात मोजा दर दोन दिवसांनी धुवा, नाहीतर त्याला बुरशी धरते.