बर्फाची साखळी: पुण्यात शिकून जावं, की सोलंगला बसवून घ्यावी?

जानेवारीत स्वतःची गाडी घेऊन मनालीला जायचं ठरलं, की एक नवाच प्रश्न समोर येतो. बर्फावर चाकं घसरू नयेत म्हणून टायरला घालायची ती लोखंडी साखळी स्वतः घालायला शिकायचं, की तिथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या पोरांना पैसे देऊन मोकळं व्हायचं? मी दोन्ही करून बघितलंय.

आधी पोरांची बाजू. त्यांचा हात बसलेला असतो. आपण उतरून कानटोपी सारखी करेपर्यंत एक चाक झालेलं असतं. साखळी भाड्यानेच मिळते, त्यामुळे एका सहलीसाठी घेतलेली वस्तू पुढे दहा वर्षं माळ्यावर पडून राहत नाही. गोची होते ती मापात. आमच्या टायरवर 185/65 आर 15 असं लिहिलंय (185 मिलिमीटर रुंदी, उंची तिच्या 65 टक्के, रिम 15 इंची), आणि पदरात पडली ती याहून मोठ्या चाकाची साखळी. अर्ध्या किलोमीटरवर तिचं सुटं टोक मडगार्डला आतून थाडथाड आपटायला लागलं.

पण माप बरोबर मिळालं तरी खरी अडचण राहतेच: साखळी एकदाच घालून भागत नाही. बर्फ पडला की पोलीस अटल बोगद्याच्या दिशेला फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या) किंवा साखळी लावलेल्या गाड्याच सोडतात, म्हणून ती मनालीच्या पुढे, बोगद्याच्या अलीकडे सोलंगला चढते. मग 9.02 किलोमीटरचा बोगदा. आत बर्फ नाही, आणि नुसत्या रस्त्यावर साखळी झिजते, तुटते, रस्ताही खरवडते. म्हणजे तोंडाशी काढा. पलीकडे सिस्सू गावाच्या बाजूला पुन्हा बर्फ, पुन्हा घाला. परतताना हेच सगळं उलट. सोलंगचा पोरगा काही तुमच्याबरोबर डिकीत बसून येत नाही.

म्हणून मी दुसऱ्या वेळी साखळी विकत घेतली आणि रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्री अंथरून बसलो. वॉचमनकाका दोन मिनिटं बघत राहिले, मग म्हणाले, "साहेब, गाडी चोरीला जाऊ नये म्हणून बांधताय का?"

माझी साखळी कडीवाली. मागच्या बाजूला तारेची लवचीक कडी, पुढे साखळ्यांचं जाळं. जॅक लागत नाही. कडी चाकामागून सरकवायची, टायरच्या डोक्यावर तिची दोन्ही टोकं जोडायची आणि ती मागे ढकलून द्यायची. मग जाळं टायरवर सारखं पसरून पुढचा आकडा अडकवायचा, ताण देणारी साखळी ओढून उरलेलं टोक बांधून टाकायचं. आकड्यांची तोंडं बाहेर हवीत, टायरकडे नकोत. तिथे गेल्यावर पन्नासएक मीटर चालवून उतरायचं आणि पुन्हा घट्ट करायचं, कारण पहिल्या फेऱ्यांत ती बसते तशी सैल पडते. लोक हमखास विसरतात ते हेच. पार्किंगमध्ये मात्र चार-पाच फुटांपलीकडे गाडी हलवू नका. पेव्हर ब्लॉकवर ओरखडे उठले की दुसऱ्या दिवशी पाटी लागलीच समजा.

पहिलं चाक वीस मिनिटं, तिसऱ्या खेपेला सात. खूश होऊन मी भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले, बर्फाच्या पाण्यात हात बुडवले आणि पुन्हा बसलो. पुन्हा पंधरा मिनिटं! आकडा दिसत असतो, बोटांना तो कळत नाही. खरा सराव हा. हातमोजे आणि डोक्याला लावायची टॉर्च बोहरी आळीत मिळून जाते.

घ्यायची कुठली? टायरवर चढवायचे कापडी मोजे हलके आणि घालायला सगळ्यांत सोपे, मडगार्डमध्ये जागा कमी असेल तर उपयोगाचे. पण बर्फ संपून डांबर लागलं की बघता बघता फाटतात. रिमच्या फटींतून ओवायचे प्लॅस्टिकचे पट्टे स्वस्त दिसतात. फट अरुंद असेल किंवा आत ब्रेकचं कॅलिपर आडवं येत असेल तर ते ओवताच येत नाहीत. मी त्यांच्या वाटेला जाणार नाही. लोखंडीत शिडीसारख्या आडव्या पट्ट्यांपेक्षा चौकटीचं जाळं घ्या, वळणावर गाडी बाजूला घसरत नाही तितकी. त्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा. काही टायरना साखळी चालतच नाही, आणि हौसेने रुंद अलॉय टाकले असतील तर मागची कडी आतल्या भागांना घासू शकते.

साखळी इंजिनाची ताकद जाते त्या चाकांना. स्विफ्ट, बलेनो, नेक्सॉन असेल तर पुढे. बोलेरो, क्रिस्टा असेल तर मागे. पुढे घातली तर उतारावर गाडीचं बूड फिरू शकतं, मागे घातली तर स्टिअरिंगची चाकं उघडीच राहतात. चारही चाकांना घातली तर उत्तम. वेग कुठल्याही परिस्थितीत चाळीसच्या आत.

माझं मत विचाराल तर पुण्याहून गाडी नेणाऱ्याने शिकूनच जावं आणि साखळी आपल्या मापाची न्यावी. एकच दिवस बर्फ बघायचा असेल तर गाडी हॉटेलला ठेवून तिथलीच फोर बाय फोर करा, मला त्यात कमीपणा वाटत नाही. आणि विमानाने श्रीनगरला जाऊन गुलमर्ग करणार असाल, तर यातलं काहीच तुम्हाला लागू नाही. गुलमर्गच्या वाटेवर टंगमर्गला ड्रायव्हर साखळी चढवत असेल तेव्हा गाडीतच बसून राहा. फक्त निघायच्या आधी त्याला विचारा, साखळी याच गाडीच्या मापाची आहे ना.