काटला की नेवाडो देल रुइझ?

रत्नागिरीत बारावीला असलेल्या माझ्या भाचीला भूगोलाच्या प्रकल्पासाठी एक हिमाच्छादित ज्वालामुखी निवडायचा आहे, आणि तिचे मन आइसलंडमधील काटला व कोलंबियातील नेवाडो देल रुइझ यांच्यात अडकले आहे. आंतरजालावरील थरारक चित्रफिती मी बाजूला ठेवल्या.

खडकाच्या दृष्टीने काटला आपल्याला जवळचा. तो मुख्यतः बेसाल्टचा आहे, आणि कोकणच्या जांभ्याखालचा काळा कातळही बेसाल्टच, मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. रुइझचा अँडेसाइट व डेसाइट हा ज्वालामुखी खडक नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकेखाली सरकल्यामुळे निर्माण झालेला. त्याचा नमुना इथल्या चिरेखाणीत सापडणार नाही.

उद्रेकांच्या इतिहासात मात्र रुइझ अधिक बोलका आहे. १९१८ मध्ये काटलाने हिमनदी फोडली तेव्हा पुराने आणलेल्या गाळामुळे किनारा समुद्रात पुढे सरकला. याउलट १३ नोव्हेंबर १९८५ चा रुइझचा उद्रेक लहानच होता. परंतु शिखरावरील सुमारे दहावा हिस्सा बर्फ वितळून उठलेल्या चिखललोटांनी आर्मेरो गाव गाडले आणि एकूण सुमारे २३,००० माणसे दगावली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता, आणि १८४५ मध्ये त्याच खोऱ्यातून असाच लोट आला होता. (२०२१ चा चिपळूणचा पूर पाहिलेल्यांना नदीकाठच्या वस्तीविषयी वेगळे सांगायला नको.)

घराजवळचा दगड हाती घेऊन खडकांचा अभ्यास मांडायचा असेल, तर काटला घ्यावा. आपत्ती व्यवस्थापनावर लिहायचे असेल, तर रुइझ.