समाजशास्त्रात पीएचडी: फेलोशिपवर पूर्णवेळ, की नोकरी सांभाळून?

एमए झालं, सेट ही प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षाही निघाली. आता फेलोशिप मिळवून पूर्णवेळ बसायचं, की कॉलेजातली नोकरी धरून अर्धवेळ नोंदणी करायची?

सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर असाल तर फार डोकं खाजवू नका. तिथे तासागणिक पैसे, सुट्टीत तेही नाहीत. नेट परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफ फेलोशिपला पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार, शिवाय घरभाडं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपचा पर्यायही आहे. फक्त फेलोशिप पगारासारखी एक तारखेला पडेल असं धरून खोली घेऊ नका.

खरा पेच कायम नोकरीवाल्यांचा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांत पूर्णवेळ-अर्धवेळ दोघांनाही किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, महिलांना आणखी दोन. कोर्सवर्क दोघांनाही चुकत नाही. अर्धवेळला कॉलेजचं ना-हरकत पत्र जादा लागतं. कागदावर फरक एवढाच. खरा फरक फील्डवर्क सुरू झालं की कळतो.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये कर्नाटकातल्या रामपुरा गावात जाऊन महिनोन्‌महिने राहिले. नोकरीवाल्याकडे असतात दिवाळी आणि मे. समजा विषय बीडचे ऊसतोड कामगार. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही गावात पोचता, तेव्हा टोळ्या निघायच्या गडबडीत किंवा निघून गेलेल्या. मे महिन्यात माणसं घरी भेटतात, हंगामाच्या आठवणी सांगतात. पण फडावरचं जगणं बघायचं तर डिसेंबर-जानेवारीत कोपीवर, त्यांच्या तात्पुरत्या झोपडीवर जायला हवं, आणि तेव्हा तुमचं दुसरं सत्र! असा विषय पूर्णवेळवाल्यानेच घ्यावा.

उलट शिकवता त्याच तालुक्यातले बचत गट किंवा तिथला आठवडी बाजार घेतलात, तर अर्धवेळवाला वरचढ ठरू शकतो. बाजार दर आठवड्याला भरतो आणि लोक ओळखीचे असतात. अर्थात ते ‘सर’ म्हणून ओळखतात आणि सरांना सांगण्याजोगंच सांगतात. लोकांनी आडनावावरून जात ताडून मग बोलणं, हे मात्र दोघांच्याही वाट्याला येतं.

नोकरीचं म्हणाल, तर २०२३ पासून सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडीची सक्ती नाही, नेट-सेट पुरते. सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर ती हवीच. म्हणजे कायम असलेल्याला पदवीचा उपयोग ठरलेला. पूर्णवेळवाल्याला प्रबंधानंतर पुन्हा भरतीच्या रांगेत उभं राहायचंय. तरीही तिशीच्या आत असाल, घरची जबाबदारी अंगावर नसेल, तर मी पूर्णवेळच सुचवेन. नोकरी कायम असेल तर ती सोडू नका, विषय एसटीच्या तासाभराच्या अंतरातला निवडा.

गाईडकडे सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) नेण्याआधी वर्षाचं कॅलेंडर समोर घ्या आणि ज्यांच्यावर काम करायचंय ती माणसं कोणत्या महिन्यात कुठे असतात, ते त्यावर लिहा. शेजारी तुमच्या सुट्ट्या.