‘वॉलबिल्डर्स’ ऐकावं की ‘द ब्रीफिंग’?

डॅलसच्या मैत्रिणीचा प्रश्न: अमेरिकेचं राजकारण, इतिहास आणि ख्रिस्ती श्रद्धा एकत्र समजून घ्यायचं, तर यांपैकी काय ऐकू?

दोन्ही अमेरिकन पॉडकास्ट. दोन्ही फुकट, सोमवार ते शुक्रवार. दोन्ही उघडपणे कॉन्झर्व्हेटिव्ह, त्यामुळे समोरची बाजू वेगळी शोधावीच लागेल.

खरा फरक इतिहासात आहे. ‘वॉलबिल्डर्स’वाले टेक्सासचे डेव्हिड बार्टन यांच्याकडे जुन्या कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे आणि संविधानकर्त्यांबद्दल ते रंगून बोलतात. पण अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्यावरचं त्यांचं पुस्तक 2012 मध्ये प्रकाशकानेच बाजारातून मागे घेतलं, तपशिलांवर विश्वास उरला नाही म्हणून. आक्षेप घेणाऱ्यांत ख्रिस्ती अभ्यासकही होते. तिथलं अवतरण मूळ कागदाशी ताडल्याशिवाय पुढे पाठवू नये, असं मला ठामपणे वाटतं.

‘द ब्रीफिंग’ अल्बर्ट मोहलर यांचा. ते 1993 पासून केंटकीतल्या लुईव्हिलच्या सदर्न बॅप्टिस्ट सेमिनरीचे (पाद्री घडवणाऱ्या संस्थेचे) अध्यक्ष. एकटेच बोलतात. कोर्टाचा निकाल असो वा निवडणूक, त्यामागचा धर्मशास्त्रीय मुद्दा उलगडतात. थोडं जड जातं. शुक्रवारी मात्र श्रोत्यांचे, अगदी लहान मुलांचेही प्रश्न घेतात. घरात एकत्र ऐकायला तो भाग उत्तम.

गाडीत गप्पांची सोबत आणि स्थानिक राजकारणात उतरायची उमेद हवी, तर ‘वॉलबिल्डर्स’. रोजची बातमी श्रद्धेच्या चौकटीत समजून घ्यायची, तर ‘द ब्रीफिंग’. मुलांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी दोन्ही नकोत, ग्रंथालय गाठा.